वैद्यकपत्राकडून क्रीडापत्राकडे : जॉन हेन्री वॉल्श यांची हकीकत

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या स्नेहसंमेलनात विद्यार्थ्यांचा गुणगौरव आटोपला, पंगतीची पाने मांडली जाऊ लागली आणि एक वडीलधारे ज्ञातिबांधव माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांचे चिरंजीव एका दैनिकात दहा-बारा वर्षे क्रीडावृत्ते लिहीत होते. गृहस्थ हलक्या आवाजात म्हणाले, “अण्णासाहेब, आमच्या चिरंजिवांनी नवेच काढले आहे. विज्ञानाची पदवी घेऊन क्रिकेटवर लिहू लागला, ते आम्ही मुकाट्याने गिळले. आता वर्तमानपत्र सोडून आरोग्याच्या मासिकाचा संपादक व्हायचे म्हणतो. ना धड खेळाचा, ना धड वैद्यकाचा! सोयरिकीच्या बैठकीत मुलगा काय करतो म्हणून कुणी विचारले, तर आम्ही सांगावे तरी काय?” मी काही बोलणार तोच वाढपी आले, वरणभात पडला आणि विषय तेथेच राहिला.

राहिलेले ते उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने द्यावे असे मनात आले. उपदेश करण्याचा अधिकार मजकडे नाही; म्हणून एका परकीय गृहस्थाची हकीकत तेवढी सांगतो. आमच्या ज्ञातिबंधूंचे चिरंजीव खेळाकडून आरोग्याकडे निघाले आहेत. हे गृहस्थ उलट दिशेने, वैद्यकाच्या पत्राकडून खेळाच्या पत्राकडे गेले. पण दोन्ही गावांना जोडणारा रस्ता एकच आहे, आणि तो त्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पायाखाली घातला होता.

जॉन हेन्री वॉल्श यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१० रोजी लंडननजीकच्या हॅक्नी येथे झाला. शस्त्रवैद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वुस्टर या इंग्लंडच्या पश्चिमेकडील गावी व्यवसाय मांडला. १८४४ साली ते शस्त्रवैद्यांच्या राजमान्य महाविद्यालयाचे ‘फेलो’ झाले. ही पदवी चालू होऊन तेव्हा वर्षच लोटले होते. त्या काळी इंग्लंडात वैद्यांतही वरिष्ठ-कनिष्ठ असा भेद होता. विद्यापीठाची पदवी असलेला, औषध लिहून देणारा तो ‘डॉक्टर’; हातात शस्त्र धरणारा तो नुसता ‘मिस्टर’. आज तेथे शस्त्रवैद्य हा मोठ्या मानाचा मनुष्य असला, तरी त्यास ‘मिस्टर’ म्हणण्याची रीत अजून मोडलेली नाही. प्रतिष्ठेच्या पायऱ्या केवळ आपल्याच समाजात आहेत असे मानणारांनी हे ध्यानात घ्यावे.

वुस्टर हे गाव लहान असले तरी वैद्यकाच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. तेथील रुग्णालयात १९ जुलै १८३२ रोजी डॉ. चार्ल्स हेस्टिंग्ज यांनी प्रांतोप्रांतीच्या वैद्यांची सभा भरवून एक संघ स्थापन केला. लंडनच्या बड्या वैद्यांपुढे खेडोपाडीच्या वैद्यास कोणी विचारीत नसे. त्याच्या अनुभवाची कोठे नोंद व्हावी, त्याने चार समव्यावसायिकांस भेटावे, हा हेतू. हाच संघ पुढे ‘ब्रिटिश मेडिकल असोसिएशन’ म्हणून जगप्रसिद्ध झाला. १८४० च्या ऑक्टोबरात प्रांतिक वैद्यांसाठी एक पत्र निघाले आणि पुढे ते या संघाचे मुखपत्र झाले. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नावाने जे नियतकालिक पुढे प्रसिद्धीस आले आणि आज पृथ्वीच्या पाठीवर सर्वत्र वाचले जाते, त्याचे हे मूळ रूप. १८४९ साली त्याचे संपादक डॉ. स्ट्रीटन वारले आणि संपादनाचा भार दोघांवर आला : नॉर्विचचे डॉ. रँकिंग आणि वुस्टरचे आमचे वॉल्श.

ते वर्ष मोठे कठीण होते. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीत इंग्लंड व वेल्समध्ये पन्नास हजारांवर माणसे दगावली. ही साथ हवेतून येते की पाण्यातून, यावर वैद्यांत एकमत नव्हते. जॉन स्नो यांनी दूषित पाण्याकडे बोट दाखविणारे आपले पहिले पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध केले; परंतु ते मानणारे थोडेच. अशा काळी वैद्यकपत्राच्या संपादकाचे काम म्हणजे काय असते, याची कल्पना करून पाहावी. नाना गावांहून पत्रे येत. कोणी म्हणे अमक्या औषधाने गुण आला, कोणी म्हणे त्याच औषधाने रोगी गेला. प्रत्येकास आपला अनुभव खरा वाटे. त्यांतून किती रोगी पाहिले, किती वाचले, किती गेले, हे विचारणे आणि ऐकीव गोष्टीस पाहिलेल्या गोष्टीपासून वेगळे काढणे, हीच संपादकाची खरी विद्या. वॉल्श यांनी ती तीन वर्षे गिरविली. १८५३ साली पत्राचे बिऱ्हाड लंडनला हलले, नाव बदलले आणि संपादकही दुसरे आले.

वॉल्श स्वतः १८५२ मध्येच वुस्टर सोडून लंडनला आले होते. वय बेचाळीस. व्यवसायाची बसलेली घडी मोडून नव्या शहरात जाण्याचे हे वय नव्हे, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणाला असता. पण त्यांच्या मनात दुसरे एक वेड लहानपणापासून घर करून होते. घोड्यावर ते उत्तम बसत. शिकारी कुत्री पाळीत, त्यांस स्वतः शिकवीत. बहिरी ससाणेही त्यांनी तयार केले होते. बंदुकीचा नाद तर असा की, एकदा बंदूक फुटून डाव्या हाताचा काही भाग त्यांस गमवावा लागला. हात हेच ज्याचे भांडवल, त्या शस्त्रवैद्याच्या बाबतीत ही गोष्ट घडली हे विसरता येत नाही.

१८५३ साली त्यांचे ‘ग्रेहाउंड’ हे पुस्तक निघाले. त्यातील मजकूर आधी ‘बेल्स लाइफ’ या क्रीडासाप्ताहिकात लेखरूपाने येऊन गेला होता. पुस्तकावर वॉल्श हे नाव नव्हते. विल्टशरच्या माळावरील पुराणकालीन शिलावर्तुळाचे नाव त्यांनी टोपणनाव म्हणून घेतले : ‘स्टोनहेंज’. हे नाव का घेतले याविषयी माझा तर्क असा की, रोग्याच्या नाडीवर हात ठेवणारा मनुष्य कुत्र्यांच्या शर्यतीवर लिहितो, हे त्या वेळच्या सभ्य समाजास रुचले नसते. आमचे पंगतीतले गृहस्थ ज्या संकोचाने हलक्या आवाजात बोलत होते, तोच संकोच. फरक एवढाच की येथे तो बापास होता, तेथे स्वतः लेखकास.

हा खेळ कसला, हेही सांगितले पाहिजे. मोकळ्या शेतात ससा उठवावयाचा आणि त्याच्यामागे दोन ग्रेहाउंड सोडावयाचे; ससा धरला जातो की निसटतो यापेक्षा कोणता कुत्रा अधिक चपळाईने वळला, कोणी सशास वळावयास लावले, यावर गुण. आपल्या घरच्या वळणास हे रुचणारे नव्हे, आणि इंग्लंडातही २००४ च्या कायद्याने या खेळावर बंदी आली. मजपुरते बोलावयाचे तर त्या पुस्तकात माझे मन सशाबरोबरच पळते. तथापि पुस्तकाची मांडणी पाहण्यासारखी आहे. त्याच्या लांबलचक नावातच पैदास, संगोपन, तालीम, रोग आणि उपचार हे सारे विषय क्रमाने आले आहेत. म्हणजे कुत्र्याच्या शर्यतीवर पुस्तक लिहावयास बसलेला मनुष्य शेवटी रोगचिकित्सेवर येऊन ठेपतोच! पुढे १८५९ मध्ये त्यांनी कुत्र्यांवर दुसरा मोठा ग्रंथ लिहिला, त्याचे नाव तर उघडच ‘आरोग्यात व रोगात कुत्रा’ अशा अर्थाचे आहे. टोपणनाव घेतले, पण वैद्य काही लपला नाही.

आता ‘द फील्ड’ या पत्राकडे वळतो. १ जानेवारी १८५३ रोजी हे साप्ताहिक सुरू झाले. ‘पंच’ या विनोदी पत्राचे संपादक मार्क लेमन हेच त्याचे पहिले संपादक. आरंभी पत्राचा जम बसेना. मालकी बदलत बदलत एडवर्ड कॉक्स या कायदेपंडिताकडे आली. हे कॉक्स मोठे धोरणी. वकिलांसाठी ‘लॉ टाइम्स’ हे पत्र त्यांनी आधीच यशस्वी केले होते. ज्या विषयाचे पत्र, त्या विषयाचा जाणता संपादक, हे त्यांचे सूत्र असावे. १८५७ च्या अखेरीस त्यांनी ‘फील्ड’ची सूत्रे सत्तेचाळीस वर्षांच्या वॉल्श यांच्या हाती दिली. ती त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे पुरी तीस वर्षे, सोडली नाहीत.

एखाद्यास वाटेल की येथे वैद्यक संपले आणि खेळ सुरू झाला. परंतु गादीवर बसल्यावर त्यांनी पहिले मोठे काम कोणते केले? बंदुकांची जाहीर परीक्षा! त्या वेळी इंग्लंडात ठासणीच्या बंदुका प्रचारात होत्या. नळीच्या तोंडातून दारू व छर्रे भरून गजाने ठासावयाचे. फ्रान्सकडून मागल्या बाजूने काडतूस घालावयाची नवी बंदूक आली होती. जुने शिकारी म्हणत, नवीत जोर नाही. नवे म्हणत, जुनी धोक्याची व वेळखाऊ. बंदूक करणारे कारागीर आपापल्या मालाची स्तुती करीत आणि पत्रांचे रकाने या वादाने भरून जात. पटकीच्या औषधांवरील पत्रव्यवहार ज्याने पाहिला होता, त्यास हा प्रकार ओळखीचा वाटला असला पाहिजे. वॉल्श यांनी वाद थांबविण्याचा उपाय काढला तो असा : १८५८ च्या एप्रिलात लंडनमधील क्रेमोर्नच्या बागेनजीक दोन्ही प्रकारच्या बंदुका आणवून सर्वांदेखत कागदी लक्ष्यावर झाडल्या आणि छर्रे मोजले. पुढे या चाचण्यांस ठराविक रूप आले. चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचे वर्तुळ, त्यात किती छर्रे पडले आणि कागदांची चळत किती खोल भेदली गेली, याचे कोष्टक पत्रात छापले जाई.

पहिल्या चाचणीत ठासणीची बंदूक थोडी वरचढ ठरली. नव्याचा कैवार घेणारांची निराशा झाली असेल. पण आकडे होते तसे छापले गेले. पुढल्या वर्षी पुन्हा चाचणी, १८६६ मध्ये पुन्हा. दरम्यान कारागीर आपल्या चुका दुरुस्त करीत गेले आणि मागून भरावयाच्या बंदुकीने हळूहळू बाजी मारली. १८७५ मध्ये नळीचे तोंड किंचित आवळलेल्या बंदुकीचा वाद निघाला. त्याही वेळी ‘फील्ड’ने मैदान मांडले आणि बर्मिंगहॅमचे ग्रीनर यांची बंदूक सरस ठरली. स्वतःच्या मताने निकाल न देता मोजमापाने देणे, आणि मोजमाप चार लोकांसमोर करणे, ही रीत क्रीडापत्रकारितेत तोवर कोणी आणली नव्हती. शवविच्छेदनाच्या मेजावरून ती मैदानावर आली, असे मी म्हणतो.

कुत्र्यांच्या प्रदर्शनांचेही तेच. न्यूकॅसल येथे जून १८५९ मध्ये पहिले मोठे प्रदर्शन भरले. पॉइंटर व सेटर अशा दोन जाती, साठ कुत्री, आणि बक्षीस म्हणून पेप नावाच्या कारागिराने दिलेल्या बंदुका. वॉल्श परीक्षकांत होते. गंमत अशी की, एका जातीचा परीक्षक असलेल्या गृहस्थाचा कुत्रा दुसऱ्या जातीत पहिला आला आणि त्या दुसऱ्या जातीच्या परीक्षकाचा कुत्रा पहिल्या जातीत! कोणी लबाडी केली असे मला म्हणावयाचे नाही. पण निवाड्याचा आधार केवळ परीक्षकाची नजर असली म्हणजे असे प्रसंग येतात. पुढे वॉल्श यांनी एकेका जातीचे डोके, मान, खांदे, पाय यांस ठराविक गुण नेमून देणारी कोष्टके तयार केली. आज जगात कोठेही कुत्र्यांचे प्रदर्शन भरले की ‘जातीचे प्रमाण’ पुढे ठेवून निवाडा होतो. त्या पद्धतीच्या आद्य घडवणाऱ्यांत त्यांची गणना होते.

परंतु आपल्या घरच्या भगिनींस बंदुका व कुत्री यांपेक्षा पुढील हकीकत अधिक जवळची वाटेल. क्रीडासंपादक होण्याच्या सुमारासच वॉल्श यांनी गृहव्यवस्थेवर एक जाडजूड ग्रंथ रचला. वर्षास शंभर पौंडांपासून हजार पौंडांपर्यंत खर्च करणाऱ्या कुटुंबांसाठी, असे त्याच्या मुखपृष्ठावरच म्हटले होते. शंभर पौंडवाल्याने काय करावे आणि हजारवाल्याने काय, हे वेगवेगळे सांगितलेले. आणि १८५८ साली, म्हणजे ‘फील्ड’च्या संपादकपदावर नुकतेच स्थिर होत असता, बंदुकांची चाचणी ज्या वर्षी झाली त्याच वर्षी, त्यांचे घरगुती वैद्यक व शस्त्रकर्म यांवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढल्या वर्षी त्यांनी संपादिलेले पाकशास्त्राचे पुस्तक आले. त्यातील कृती गृहिणींच्या एका समितीने जमविल्या होत्या. या पुस्तकांवर ‘स्टोनहेंज’ नव्हे, तर जॉन हेन्री वॉल्श हे खरे नाव आहे. शिकारीस टोपणनाव आणि संसारास खरे नाव!

त्याच १८५८ साली ब्रिटनमध्ये वैद्यकीय व्यवसायाचा कायदा होऊन नोंदणीकृत वैद्यांचे पुस्तक सुरू झाले, हेही येथे सांगावयास हवे. तोवर कोण वैद्य आणि कोण भोंदू हे सामान्य माणसास कळण्याची सोय नव्हती. वर्तमानपत्रांत रामबाण गोळ्यांच्या जाहिराती झळकत. अशा वेळी ज्याने वैद्यकपत्र चालविले आहे, ज्यास कोणता उपाय पाहिलेला आणि कोणता ऐकलेला हे कळते, आणि ज्यास क्रीडापत्रामुळे सामान्य वाचकाशी साध्या भाषेत बोलण्याचा सराव झाला आहे, असा मनुष्य घरगुती वैद्यक लिहावयास बसतो, ही वाचकाच्या भाग्याची गोष्ट होय. नुसता वैद्य असता तर पुस्तक वैद्यांसाठी झाले असते. नुसता क्रीडालेखक असता तर त्यावर भरवसा कोणी ठेवावा?

खेळाने शरीर सुधारते की बिघडते, हा प्रश्न तेव्हा इंग्लंडात घरोघरी बोलला जात होता. आपल्याकडे आखाड्यात जाणाऱ्या मुलाविषयी आजी म्हणत, “छाती फुटेल हो त्याची!” तशीच भीती तेथे नौकाशर्यतीविषयी होती. १८६७ च्या सुमारास स्के नामक नामांकित शस्त्रवैद्याने ‘टाइम्स’ पत्रात लिहिले की, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या शर्यतीत वल्ही मारणाऱ्या तरुणांच्या प्रकृतीची हानी होते. मोठी खळबळ उडाली. मँचेस्टरचे डॉ. मॉर्गन हे स्वतः ऑक्सफर्डचे जुने नाविक. त्यांनी वाद न घालता १८२९ ते १८६९ पर्यंत त्या शर्यतीत उतरलेल्या २९४ जणांचा शोध घेतला. त्यांपैकी ३९ वारले होते. उरलेल्या २५५ पैकी २५१ जणांकडून पत्रे मिळविली. १८७३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : ११५ जणांस खेळाचा लाभ झाला, १६२ जणांस काही अपाय झाला नाही, १७ जणांस मात्र झाला. हे काम वॉल्श यांचे नव्हे. पण खेळाकडे मोजमापाच्या दृष्टीने पाहण्याचा जो संस्कार त्या पिढीत रुजत होता, त्याचे हे दुसरे फळ. ते सतरा जणही मॉर्गन यांनी लपविले नाहीत, हे मला विशेष वाटते.

‘फील्ड’च्या कचेरीत वैद्यांची वर्दळ बरीच होती. मत्स्यपालनावर लिहिणारे फ्रँक बकलंड हे पलटणीतले शस्त्रवैद्य. पुढे त्यांचे बिनसले आणि त्यांनी १८६६ मध्ये निराळे पत्र काढले. पत्त्यांच्या खेळावर ‘कॅव्हेंडिश’ या नावाने लिहिणारे हेन्री जोन्स हेही शस्त्रवैद्य. १८६९ मध्ये त्यांनी व्यवसाय सोडला. म्हणजे घरच्या वडीलधाऱ्यांच्या मते ‘वाया गेलेले’ तीन शस्त्रवैद्य एका छपराखाली! त्यांतल्या दोघांनी मिळून काय केले ते आता पाहू.

२३ जुलै १८६८ रोजी लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील ‘फील्ड’च्या कचेरीत सहा गृहस्थ जमले. अध्यक्षस्थानी वॉल्श. हिरवळीवर लाकडी चेंडू कमानीतून मारावयाचा क्रोके हा खेळ तेव्हा फार लोकप्रिय होता. स्त्रिया व पुरुष दोघांस एकत्र खेळता येई, हे त्याचे मोठे आकर्षण. या खेळासाठी अखिल इंग्लंडची संस्था काढण्याचे ठरले आणि पुढल्या वर्षी विम्बल्डन येथे वर्पल रोडलगत चार एकर जागा भाड्याने घेण्यात आली. परंतु क्रोकेचा बहर ओसरू लागला. १८७५ मध्ये हेन्री जोन्स यांच्या सूचनेवरून एक हिरवळ दोन नव्या खेळांस दिली गेली : लॉन टेनिस आणि बॅडमिंटन. यांपैकी दुसरा खेळ आपल्या पुण्याच्या छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांनी इतका रुळविला होता की ‘पूना’ हेच त्याचे एक नाव पडले होते. विम्बल्डनच्या हिरवळीवर पुण्याचा खेळ पोचला, एवढाच काय तो आपला या कथेशी धागा.

संस्थेच्या हिरवळीवर फिरवावयाचा तट्टू जोडलेला रूळ वॉल्श यांनीच देणगी दिला होता. आपल्या मुलीस सभासद करून घ्यावे ही त्याबदल्यात अट होती, असे सांगतात. बापाचे काळीज सर्वत्र सारखेच. हा रूळ नादुरुस्त झाला, तिजोरीत पैसा नव्हता, म्हणून तिकीट लावून लॉन टेनिसचे सामने भरवावेत अशी कल्पना निघाली, अशी आख्यायिका आहे. ९ जून १८७७ च्या ‘फील्ड’मध्ये जाहीर निवेदन आले. वॉल्श यांनी पत्राच्या मालकांकडून पंचवीस गिनींचा चांदीचा पेला मिळविला. जोन्स यांनी दोघा सहकाऱ्यांसह नियम बसविले. तोवर मैदान मधे आवळलेले, वाळूच्या घड्याळासारखे असे. ते ७८ फूट लांब व २७ फूट रुंद असे सरळ आयताकृती केले. लांबीरुंदीचे हे आकडे आजही एकेरी खेळास तसेच लागू आहेत. ९ जुलैस सामने सुरू झाले. बावीस खेळाडू, प्रवेश फी एक गिनी. मध्यंतरी ईटन-हॅरो शाळांच्या क्रिकेट सामन्यासाठी खेळ थांबविला, मग पावसाने गाठले. अखेर १९ जुलैस सुमारे दोनशे प्रेक्षकांसमोर स्पेन्सर गोर विजयी झाले. विम्बल्डनच्या पेल्याची जी महती आज आपली मुले दूरदर्शन संचावर पाहतात, तिचा आरंभ हा असा.

वॉल्श यांचे सर्वच वाखाणावे असे नाही. ‘फील्ड’ हे जमीनदारांचे पत्र होते. गरिबास त्यात जागा होती ती बहुधा शिकारीत रान उठविणारा म्हणून. शंभर पौंडांखालील कुटुंबांनी गृहव्यवस्था कशी करावी, हे त्यांच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरूनच बाहेर राहिले, आणि त्या काळच्या बहुसंख्य मजुरांची वार्षिक कमाई तेवढी नव्हती. ज्या पत्राच्या आरंभी त्यांनी पटकीचे वर्ष पाहिले, ती पटकी कोणत्या घरांत शिरते हे वैद्य म्हणून त्यांस ठाऊक असणारच. १८५२ नंतर त्या घरांशी त्यांचा संबंध सुटला. पेशा बदलताना काही तरी मागे राहते; त्यांचे हे राहिले, असे मला वाटते.

१२ फेब्रुवारी १८८८ रोजी लंडननजीक पटनी येथे, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, ते निवर्तले. तोवर ‘फील्ड’ची गादी त्यांच्याकडेच होती. खेळांवरील त्यांचा ग्रामीण क्रीडांचा ग्रंथ तीस वर्षांत सोळा आवृत्त्यांपर्यंत पोचला होता.

हा लेख छापावयास देण्यापूर्वी मी त्याची प्रत आमच्या त्या ज्ञातिबंधूंस वाचावयास पाठविली. आठ दिवसांनी ते स्वतःच घरी आले. लेखाविषयी फारसे बोलले नाहीत. वॉल्श यांच्या मुलीस सभासद करून घेतले की नाही, एवढे मात्र विचारले. चहा घेता घेता सहज म्हणाले, चिरंजीव पहिल्या तारखेपासून मासिकात रुजू झाले आहेत. पहिल्याच अंकासाठी ते कबड्डीच्या खेळाडूंची गुडघेदुखी या विषयावर लिहीत असून, त्यासाठी रोज संध्याकाळी परळच्या मैदानावर जाऊन मुलांस एकेक करून विचारीत बसतात : केव्हा दुखले, किती दिवस, आणि पुन्हा खेळावयास कोणत्या दिवशी उतरलास. “वहीत सगळे मांडून ठेवतो,” ते म्हणाले, “त्रेपन्न मुले झाली.”